चार हजार धुराडी आणि एक मोडकी चूल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हा काडेपेटी कुणी पाहिली नव्हती आणि घरातला विस्तव विझला तर शेजारणीकडून गोवरीवर निखारा मागून आणायची रीत होती. त्या काळी डोंगरांच्या कुशीत एक छोटंसं राज्य होतं.

डोंगरातली थंडी बोचरी आणि वारा बेफाम. म्हणून तिथली घरं बुटकी, भिंती जाड, आणि खिडकी औषधालासुद्धा नाही. अशा घरात चूल पेटली की धूर आढ्यापर्यंत जाई, तिथे वाट सापडली नाही की परत खाली येई आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत शिरे. रोज दोन वेळा, बारा महिने तेरा काळ. चाळिशी आली की बायकांना डाळीतले खडे दिसेनासे होत, आणि पन्नाशीत त्या भिंतीला हात लावून चालू लागत. पुरुष म्हणत, वयच झालं तिचं. मी विचारतो, त्याच घरातल्या पुरुषांचं वय होत नव्हतं काय?

तिथला राजा मात्र भला होता. गोष्टीतले राजे बहुधा दुष्ट असतात नाहीतर मूर्ख. हा दोन्ही नव्हता. त्याला लहानपणी सांभाळणारी एक दाई होती, डोंगरातलीच. एकदा तो तिच्या घरी गेला असताना त्याच्यासमोर तिनं चुलीवरचं तापलेलं भांडं उघड्या हातानं उचललं. ते जाळावर आहे हे तिला दिसलंच नव्हतं. तिचा पोळलेला हात राजानं पाहिला. त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, यापुढे माझ्या राज्यात धुरानं एकाही बाईचे डोळे जाता कामा नयेत.

राजवाड्याचा मिस्त्री मोठा हुशार. त्यानं महिनाभर खपून एक चूल तयार केली. चहूबाजूंनी बंद, पुढे लाकूड सारण्यापुरतं टीचभर तोंड, वर दोन भांडी बसतील अशी दोन भोकं, आणि मागून छपरातून बाहेर जाणारं मातीचं धुराडं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात ती पेटवून पाहिली. भात शिजला, आमटी उकळली, पुऱ्या तळून झाल्या. राजा स्वतः चुलीशी डोळे फाडून उभा राहिला, पण टिपूसभर पाणी आलं नाही. सगळ्यांनी वाहवा केली.

राजवाड्यात भाकरी होत नसे. ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आली नाही.

मग गावोगाव कुंभार निघाले. जिथे घर तिथे चूल, जिथे चूल तिथे धुराडं. आणि काम नीट होतंय की नाही हे पाहायला राजानं एक मोजणीदार नेमला.

हा मोजणीदार मूळचा डोंगरातलाच. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं. आपल्या तोंडचा घास काढून तिनं त्याला राजधानीत शिकायला धाडलं होतं. तो तिला आक्का म्हणे आणि ती त्याला धाकल्या. माणूस सचोटीचा; एकाचे दोन करणं त्याला जन्मात जमलं नसतं. चुली घालायचं ठरलं तेव्हा त्यानं राजाकडे एकच हट्ट धरला, की सुरुवात खिंडीपलीकडच्या माझ्या बहिणीच्या गावापासून व्हावी. तशी ती झाली. त्याच्या वहीतलं पहिलं धुराडं आक्काच्या घराचं होतं.

त्याची मोजायची पद्धत अशी. ऊन कलल्यावर, जेवणंखाणं आटोपून गाव निवांत झालं, की तो गावावरच्या टेकडीवर चढे आणि छपरांवरची धुराडी मोजे. मग खाली चावडीवर येऊन पाटलाच्या यादीशी ताळा करी आणि वहीत लिही: घरं किती, धुराडी किती, मोडकी किती. घरात तो जात नसे. परक्या पुरुषानं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्या मुलखाची रीत होती. आणि खरं सांगायचं तर टेकडीवरून काम झटपट होई. पुढचं गाव वाट पाहत असे.

आक्काच्या गावावरच्या टेकडीवर तो तीन वर्षांत तीनदा चढला. तिन्ही वेळा त्यानं तिचं धुराडं मोजलं, पण तिच्या ओसरीवर एकदाही टेकला नाही. "पुढच्या खेपेला जेवायलाच येतो म्हणावं," असा निरोप पाटलाजवळ ठेवून तो निघे.

तीन वर्षांत काम पुरं झालं. चार हजार दोनशे अकरा घरं, चार हजार दोनशे अकरा धुराडी. पाटलांचे अहवालही एकजात चांगले. चुली अगदी नव्यासारख्या राखल्या आहेत, असं जवळजवळ प्रत्येकानं कळवलं होतं, आणि मोजणीदारानं ते वाक्य हौसेनं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं होतं.

राजाला आनंद झाला. राजधानीच्या वेशीत दगडी खांब उभारायचा आणि त्यावर हा आकडा कोरायचा असं त्यानं ठरवलं. शिवाय नदीपलीकडच्या सात खोऱ्यांतल्या लोकांनीही चुली मागितल्या होत्या. खांब उभा राहिला की दुसऱ्या दिवशी कुंभार तिकडे निघणार होते.

"त्याआधी एक शेवटची फेरी मारून ये," राजा मोजणीदाराला म्हणाला. "आकडा दगडात जायचा आहे, एकानंही चुकायला नको."

मोजणीदार निघाला. फिरत फिरत सगळ्यात शेवटी तो खिंडीपलीकडच्या गावी पोचला, आणि त्या दिवशी मात्र पुढे कुठलं गाव नव्हतं. दुपारच्या जेवणाची वेळ होती. त्यानं टेकडीवरची वाट सोडली आणि आक्काच्या घराची धरली.

घर जवळ आलं तसा त्याला धुराचा वास आला. त्यानं छपराकडे पाहिलं. धुराड्यातून धुराची रेघसुद्धा नव्हती. त्याच्या तोंडाशी साळुंकीनं काटक्या आणून घरटं मांडलं होतं. धूर येत होता तो घरामागून, शेळ्यांच्या खोपटाला लागून उभारलेल्या पेंढ्याच्या आडोशातून. आग लागली असं वाटून तो धावत मागे गेला.

आग नव्हती. वाकून आत शिरावं लागेल एवढ्याशा त्या आडोशात तीन दगड मांडले होते आणि त्यांच्यापुढे आक्का उकिडवी बसून फुंकणीनं जाळ करत होती. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं.

"आक्का!"

तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. डोळे उघडले, पण नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. "कोन हाय? आवाज वळकीचा वाटतोय."

"मी गं आक्का."

"अगं बया! धाकल्या? आलास व्हय रं?" तिनं हात पुढे केला, तो हवेत चाचपडला. मोजणीदारानं तो धरला. तीन वर्षांपूर्वी याच बाईनं त्याला खिंडीच्या टोकावरून येताना ओळखलं होतं.

"बस, बस. सून रानात ग्येलीया, मीच भाकरी टाकतेय."

"आक्का, इथे का बसलीस? आत नवी चूल आहे ना?"

"हाय की! जा, बघून ये जा, कशी ठेवलीया ती."

बहिणीचंच घर, त्याला उंबऱ्याची अडचण नव्हती. तो आत गेला. कोपऱ्यात राजानं दिलेली चूल होती. लाल मातीचं पोतेरं केलेली, वर रांगोळीचे ठिपके, मधोमध हळदीकुंकू. कुठे काजळीचा डाग नाही. तो वाकून पाहायला लागला तेव्हा चुलीच्या तोंडातून एक कोंबडी रागानं ओरडली. ती अंड्यांवर बसली होती.

मोजणीदार तिथेच भिंतीला टेकला. तीन वर्षं दोन वेळा पेटलेली चूल काळी असते, हे डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि चुली नव्यासारख्या आहेत हे वाक्य त्यानं किती गावांपुढे लिहिलं होतं!

तो बाहेर आला आणि आक्काच्या शेजारी धुरात बसला. त्याच्याही डोळ्यांना धार लागली.

"वाईट आहे का गं ती चूल?"

"वाईट कशाला आसंल? गुनाची हाय. भात शिजवती, कालवन शिजवती. पर आपल्यात भात कवा, तर सनाला. भाकरी फुगवायची कुठं तिच्यात, सांग की. निखारा भाइर वडायला तोंडच न्हाय तिला."

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाचणीची भाकरी खापरीवर दोन्ही बाजूंनी भाजली म्हणजे झाली, असं नाही. मग चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून तिला त्यांच्यासमोर उभी करावी लागते, तेव्हा ती टम्म फुगते. न फुगलेली भाकरी आतून कच्ची राहते. शिवाय त्या मुलखात पाहुण्याच्या ताटात चपटी भाकरी वाढणं म्हणजे, तुम्ही आम्हाला नको आहात, असं तोंडावर सांगणं. तशी भाकरी पानात आली की पाहुणा मुकाट उठे आणि चालू लागे. त्यामुळे तिथली बाई एक वेळ कालवणाशिवाय वाढील, पण चपटी भाकरी वाढणार नाही.

"मग कुणाला सांगायचं नाही का?"

"कुनाला सांगू? कुंभार घालून ग्येला. पाटील म्हनला, राजाची वस्तू हाय, जिवापाड जपा, डाग लागंल तर गावाचं नाव जाईल. म्हनून जपली. आन् तू तर वरनंच जायचास. येकदा हाक मारली मी, वाऱ्यात ग्येली बघ."

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. ती दोन शब्द तोडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"पैली चूल हुती ती जागा हिनं घेतली," आक्का पुढे म्हणाली. "मंग समद्याजनी अशा परड्यात आलो. घरात धूर हुता, पर घर मोठं हुतं. हितं कोंडतोय. ह्या तीन वर्सात लई झपाट्यानं उतरलं बघ डोळं."

तिनं भाकरी थापली, भाजली आणि धुरात तोंड खुपसून, बोटांच्या अंदाजानं निखाऱ्यांशी उभी केली. भाकरी टम्म फुगली. धाकल्याला फुगलेलीच भाकरी मिळाली पाहिजे, एवढाच तिला ध्यास होता. मोजणीदाराची जेवायची इच्छाच उडाली होती. पण तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं चतकोरही टाकला नाही.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आक्का, मला सगळ्या घरांत घेऊन चल."

भावाचा हात धरून आक्का निघाली. "माझा धाकटा भाऊ हाय," असं सांगून तिनं त्याला एकेक उंबरा ओलांडून दिला. एका चुलीत कांदे साठवलेले, दुसरीत मांजर व्यालेलं. एकीनं चुलीवर देव मांडून निरांजन लावलं होतं. गावात चाळीस घरं होती. एकोणचाळीस घरांत धुराड्याखाली विस्तव नव्हता, आणि घरामागे धुरानं कोंदलेला आडोसा होता.

चाळिसावं घर येसू नावाच्या तरुण सुनेचं. मोजणीदारानं वही उघडली. या घरापुढे त्यानंच पाटलाच्या यादीवरून लिहिलं होतं, चूल मोडकी. ती तातडीनं दुरुस्त व्हावी असा कडक निरोपही त्यानं पाटलाला दोनदा धाडला होता.

दारात त्याला पाहताच येसूच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे हात ओल्या मातीनं भरले होते. "बुजवते, आत्ताच बुजवते बघा," ती म्हणाली. "पुन्यांदा फोडली म्हनून पाटलास्नी नगा सांगू."

"काय बुजवतेस? मला बघू तर दे."

येसूनं पहारीनं चुलीचं तोंड फोडून वीतभर रुंद केलं होतं आणि पुढे मातीचा उथळ कट्टा घातला होता, निखारे ओढून घ्यायला. चूल पेटलेली होती आणि काळीकुट्ट होती. धूर आतल्या आत मागे जाऊन धुराड्यातून निघून जात होता. कट्ट्यावरच्या निखाऱ्यांशी एक भाकरी फुगत होती. आणि कोपऱ्यात येसूची म्हातारी सासू सुपात डाळ घेऊन एकेक खडा वेचून टाकत होती.

"पाटील दोनदा रागं भरलं, तवापास्नं मोजायचा दिस आला की चिखलानं बुजवते," येसू खाली मान घालून म्हणाली, "तुमी ग्येलासा की पुन्यांदा फोडते. सासूबाईंच्या डोळ्याचं पानी थांबलं, म्हनून धाडस क्येलं."

मोजणीदाराला आधी हसू आलं आणि मग रडू. चार हजार धुराड्यांत त्यानं जी एक चूल दोष म्हणून लिहिली होती, तीच तेवढी कामाला आली होती.

पण राजाला सांगायचं काय? आपल्या बहिणीचे डोळे गेले, एका सुनेची चूल बरी चालते, एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार? तो ओसरीवर डोकं धरून बसला.

"त्यात काय येवढं?" आक्का म्हणाली. "दुपारच्याला आमी समद्याजनी गोधड्या शिवाया बसतो. जिला दिसत न्हाय ती सुई दुसरीकडं देती, म्हनती, वव गं बाई. कुनाला दिसतं न कुनाला न्हाय, गावाला पाठ हाय. तुलाच ठावं न्हाय."

मोजणीदार आठ दिवस तिथे राहिला. शेजारपाजारच्या वाड्यांतल्या धरून तिशीपुढच्या साठ बायका त्यानं भर दुपारी अंगणात जमवल्या आणि प्रत्येकीच्या हाती तीच सुई आणि तसाच दोरा दिला. बावीस जणींना दोरा ओवता आला. मग तो नदी उतरून पलीकडच्या गावी गेला, जिथे नवी चूल अजून पोचली नव्हती. तिथल्या तितक्याच वयाच्या साठ जणींना त्यानं तेच करायला लावलं. तिथे एकोणतीस जणींना आला.

तो वही मिटून नदीकाठी बराच वेळ बसून राहिला. तो गप्प बसला तर कुणाला काही कळणार नव्हतं. खांब उभा राहील, दरबारात त्याच्या अंगावर शाल पडेल. आणि मग कुंभार ही नदी ओलांडतील, आणि या एकोणतीस जणी आडोशात जाऊन बसतील. तो उठला आणि थेट राजधानीला गेला.

खांब कोरून तयार होता. मोजणीदारानं दरबारात सगळं सांगितलं, स्वतः टेकडीवरून कसा मोजत होता तेसुद्धा.

मिस्त्री भडकला. "म्हणजे आकडा खोटा होता?"

"नाही. आकडा खरा आहे. धुराडी तितकीच आहेत. पण आपण धुराडी घालायला निघालो नव्हतो, डोळे वाचवायला निघालो होतो. डोळे मी एकदाही मोजले नाहीत."

राजाचा चेहरा उतरला. "तीन वर्षांपूर्वी त्या गावात किती जणी दोरा ओवत होत्या?"

"कुणी पाहिलंच नाही, महाराज. चुली घालण्याआधी पाहायला हवं होतं. आता आपल्यामुळे किती बिघडलं, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. नदीपलीकडच्या गावावरून अंदाज करायचा, इतकंच हाती आहे."

राजानं आचाऱ्याला बोलावलं आणि मुदपाकखान्यातल्या त्याच चुलीवर नाचणीची भाकरी करून आणायला सांगितलं. भाकरी आली. ती चपटी होती आणि मोडल्यावर आतून ओलसर निघाली.

"तुमच्याकडे पाहुण्याच्या पानात अशी भाकरी आली तर तो काय करतो?" राजानं विचारलं.

"उठून चालू लागतो, महाराज."

राजा सिंहासनावरून उठला आणि चालू लागला. पालखी मागवली नाही. मिस्त्रीला आणि मोजणीदाराला बरोबर घेऊन तो तिसऱ्या दिवशी पायी येसूच्या दारात जाऊन उभा राहिला.

येसूची तर बोबडीच वळली. पण मिस्त्री जातिवंत कारागीर होता. त्या काळ्या चुलीपुढे तो गुडघ्यांवर बसला, कट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पोरी, मी जन्मात कधी भाकरी थापली नाही. हे मला कसं सुचावं? तू शिकव." संध्याकाळपर्यंत दोघांचेही हात कोपरापर्यंत चिखलात माखले होते.

चुलींची तोंडं फोडायचा हुकूम निघाला. असा हुकूम कुठल्याच राज्यात निघाला नसेल! गावातल्या बायकांनी आडोसे मोडून शेळ्यांना जागा परत दिली. मोजणीला आता येसू आणि तिच्यासारख्याच सुना जाऊ लागल्या, त्याही स्वयंपाकाच्या वेळी, थेट चुलीपाशी. चूल काळी आहे ना, भाकरी फुगते ना, तुला काय अडतं बाई, असं त्या आधी विचारत आणि मग वहीत लिहीत. नदीपलीकडच्या खोऱ्यांत घाई केली नाही. तिथे प्रथम सुई-दोरा गेला, मग एकाच गावात चुली घातल्या, वर्षभर वाट पाहिली, पुन्हा सुई-दोरा नेला, आणि मगच बाकीच्या गावांत कुंभार गेले. कोरलेला खांब ओढ्यावर आडवा टाकला. लोक त्यावरून ये-जा करू लागले.

चार वर्षं गेली. आक्काच्या गावात पुन्हा तिशीपुढच्या साठ जणी बसल्या. या वेळी चौतीस जणींनी दोरा ओवला. वाढलेल्या बहुतेक जणी नव्यानं तिशी ओलांडलेल्या लेकीसुना होत्या. ज्यांचे डोळे आधीच गेले होते, त्यांचे काही परत आले नाहीत. गोष्ट आहे म्हणून मी ते परत आणू शकलो असतो, पण तसं झालं नाही.

त्या दिवशी मोजणीदार आक्काच्या घरात, चुलीपाशी जेवायला बसला होता. घरात धूर नव्हता. आक्का हातांच्या सवयीनं भाकरी थापत होती.

"माझं काय लिवलंस रं वहीत?" तिनं विचारलं.

"दोरा ओवता आला नाही, असं."

"आन् सुनंचं?"

"ओवला. एका झटक्यात."

आक्का हसली. तिचं हसू पाहून मोजणीदाराला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात ठेवलेलं त्यानं बोलून टाकलं. "आक्का, मी पहिल्याच वर्षी टेकडीवरून खाली आलो असतो, तर तुझेही डोळे वाचले असते गं."

नाही रे, माझं नशीबच तसं, असं काहीतरी ती म्हणेल असं त्याला वाटलं होतं. आक्कानं हातातली भाकरी निखाऱ्यांशी उभी केली. ती टम्म फुगली.

"व्हय," ती म्हणाली. "वाचलं असतं."

मग तिनं ती भाकरी चाचपत त्याच्या पानात वाढली. "जेव आता," ती म्हणाली, आणि मोजणीदार मान खाली घालून जेवला.

तात्पर्य: आपण किती दिलं ते मोजून समाधान मानू नये, ज्याला दिलं त्याचं भलं झालं का, हे त्याच्या घरात शिरून, त्यालाच विचारून आणि वेळेवर पाहावं.